इथे डाव्या पायाचं काम नाही

फ्लॉसीच्या गाडीचा मेंदू पाण्यात बुडून मेला. पूर नाही, पाऊस नाही, जानेवारीचा कोरडा ठणठणीत महिना. बुडाला तो लग्नाच्या पाण्यात, आणि असला अपघात भुईगावाखेरीज दुसरीकडे कुठे होईल असं मला तरी वाटत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी इथल्या ख्रिस्ती घरांत उंबराचं पाणी आणतात. पुढे बँड, मागे लुगडी नेसलेल्या बाया, डोक्यावर कळशी. विहिरीवर जायचं, पाणी भरायचं, वाजतगाजत घरी यायचं आणि त्या पाण्यानं नवरीला आंघोळ घालायची. फ्लॉसीनं हा थाट जन्मभर फाटकातून पाहिला होता. दोन वर्षांची असताना पोलिओनं तिचा डावा पाय नेला. पाय होता जागेवर, पण नुसता नावाला. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या, काखेत कुबडी, आणि विहीर अर्धा मैल लांब. "तू बस गं, तू कशाला दमतेस," असं दर लग्नात कुणीतरी मायेनं म्हणायचं आणि फ्लॉसी दात-ओठ खाऊन बसायची. पण २००४ सालच्या त्या जानेवारीत लग्न होतं सेलिनचं, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाच्या मुलीचं. आणि आता फ्लॉसीकडे गाडी होती.

"पाण्याला मी येणार," तिनं जाहीर करून टाकलं. "आणि कळशी माझ्या गाडीतून येणार."

गाडी म्हणजे पांढरी, जुनी, जपानी. मुंबईतल्या एका परदेशी कचेरीनं लिलावात काढलेली. तिला क्लचच नव्हता. गिअर गाडी आपले आपण बदलायची; खाली फक्त दोन पॅडल, एक पळवायला आणि एक थांबवायला, दोन्ही उजव्या पायानं दाबायची. फ्लॉसी वसईच्या एका शाळेत गणित शिकवायची. पाच वर्षांपूर्वी तिनं आपल्या फंडातून ही गाडी घेतली, शिकली, परीक्षा दिली, लायसन काढलं. क्लच नसलेल्या नव्या गाड्या तेव्हा बाजारात होत्या, नाही असं नाही, पण त्या मोठ्या साहेबलोकांच्या. टीचरच्या पगारात त्यांची नावं घ्यायचीही सोय नव्हती.

एकच घोळ तिनं तेव्हा करून ठेवला. भाऊ म्हणाला, "लिलावाचे कागद, आरटीओच्या खेपा, तुझ्याच्यानं व्हायचं नाही ते. माझ्या नावावर घेऊ." भावाचं नाव युजीन. तीस वर्षं तो स्वतःच्या टेम्पोतून भुईगावची केळी आणि फुलं दादरच्या बाजारात पोचवत होता, कागदपत्रांत मुरलेला. फ्लॉसीला गाडीची घाई झाली होती. ती हो म्हणाली. गाडी तिच्या पैशांची, पण कागदावर युजीनची.

तर पाणी. बँडमागून गाडी चालली माणसांच्या चालीनं. फ्लॉसीच्या शेजारी तिची वहिनी बेटी, पायांत भरलेली कळशी धरून, लाल लुगड्यात घामाघूम. फ्लॉसी इतकी खूश होती की स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसली होती. क्रुसाच्या वळणावर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. फ्लॉसीनं ब्रेक मारला. कळशी आडवी झाली.

"अगो माझ्या देवा!" बेटी ओरडली.

सगळे पोट धरून हसले. परत विहिरीवर जाऊन कळशी भरली, नवरीची आंघोळ झाली, जेवणं झाली. शेजारच्या सीटपुढच्या त्या भिजल्या गालिच्याखाली गाडीच्या गिअरबॉक्सला हुकूम देणारा डबा बसवलेला असतो, हे कुणाच्या बापाला माहीत होतं?

सकाळी लग्नाच्या वेळेला गाडी सुरू झाली खरी, पण हलेना. इंजिन कण्हत होतं आणि गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. शेवटी फ्लॉसीला रिक्षात घातलं. एरवी दर रविवारी ती चर्चच्या बाजूच्या दाराशी गाडी लावायची आणि आपल्या कुबडीनं आत जायची, कुणाचं बोट न धरता. त्या दिवशी रिक्षा थांबली पुढच्या पायऱ्यांशी. कुबडी रिक्षातून निघेना. मागे नवरीची गाडी खोळंबली, बँडवाले थांबले. तेवढ्यात युजीन धावत आला, सुटाबुटात, घामेजलेला. त्यानं तिच्या काखांत हात घातले आणि पोत्यासारखं उचलून तिला नऊच्या नऊ पायऱ्या वर नेलं.

"भाऊ असावा तर असा," बाया म्हणाल्या. फोटोवाल्यानं फोटोही काढला.

फ्लॉसीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळी प्रार्थना तिनं मान खाली घालून ऐकली आणि तिला एक शब्द आठवत नाही. युजीनचा राग येत होता असंही नाही. त्यानं मायेनंच उचललं होतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. पाच वर्षं तिला कुणी उचललं नव्हतं. पाच वर्षं!

लग्न आटोपल्यावर गाडी ओढून मुंबईच्या एका मोठ्या वर्कशॉपला नेली. तिथल्या गोऱ्यागोमट्या मॅनेजरनं गालिचा उचलला, डब्याकडे पाहिलं आणि सांगितलं, की हा कंट्रोलर बनायचा कधीच बंद झाला आहे, जपानहूनही मिळणार नाही. गाडी भंगारात घाला.

युजीनला हे ऐकून बरंच वाटलं, लपवाछपवी कशाला करू. "झालं ना समाधान?" तो म्हणाला. "ही गाडी नको, फ्लॉसी. शाळेतून येता-जाता मधेच बंद पडली तर? तुझ्यानं दोन पावलं चालवणार आहे का? मी एक छोटी गाडी घेतो, ड्रायव्हर ठेवू. मागे बस राणीसारखी."

"मला राणी व्हायचं नाही, दादा. मला ड्रायव्हर व्हायचंय."

"हट्टी आहेस."

"आहेच."

युजीननं हात टेकले, पण अर्धेच. ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी नालासोपाऱ्याचा एक व्यापारी येईल, जुन्या गाड्या सुट्या करून विकणारा, असं त्यानं सांगितलं. तोवर काय धडपड करायची ती कर. त्या दिवशी गाडी दारातून गेली पाहिजे. आणि गाडी त्याच्या नावावर होती. फ्लॉसीला पहिल्यांदाच कळलं की ती किती मोठ्या घोळात पाय घालून बसली आहे.

निर्मळच्या रस्त्याला बळीरामचं गॅरेज होतं. फ्लॉसीनं गाडी तिथे ओढत आणवली. खाडीकाठच्या शेतकरी घरातला माणूस. टेम्पो, रिक्षा, विहिरीचे पंप, जे येईल ते दुरुस्त करायचा. क्लच नसलेल्या गाडीला त्यानं उभ्या जन्मात हात लावला नव्हता, आणि तसं त्यानं तोंडावर सांगितलं.

"टीचर, मना हे येत नाय. पन बघू द्या."

त्यानं डबा काढला, उघडला. आत सगळीकडे हिरवा गंज.

"ह्याच्यात पानी कोनी ओतलं?"

"उंबराचं पाणी आहे ते," फ्लॉसी म्हणाली.

बळीराम असा हसला, असा हसला की हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. मग चष्मा पुसून कामाला लागला. गाडी जॅकवर उचलली, गिअरबॉक्समधून येणाऱ्या वायरी वेगळ्या केल्या, आणि बॅटरीवरून एकेका वायरीला करंट देऊन चाकं किती वेगानं फिरतात ते पाहू लागला. फ्लॉसी स्टुलावर बसून वहीत लिहीत होती. पहिल्या वायरीला करंट दिला तर पहिला गिअर. दोन्हींना दिला तर दुसरा. नुसत्या दुसरीला दिला तर तिसरा. आणि दोन्ही मेलेल्या असल्या तर चौथा.

"म्हणून ती सरकत नव्हती!" फ्लॉसी ओरडलीच. "डोकं मेल्यावर सरळ चौथ्यातच उठायला बघत होती बिचारी. बळीरामभाऊ, दोन वायरी, चालू किंवा बंद. शक्यता चारच, आणि गिअर चारच!"

"म्हंजे गिअरबॉक्स जित्ता हाय," बळीराम म्हणाला. "नुसतं डोकंच गेलंय. दोन बटनं लावून देतो हातापाशी, तुमीच दाबा."

"शाळेच्या गेटवर पोरांच्या गर्दीत चुकीचं बटण दाबलं गेलं तर?"

बळीरामनं जीभ चावली. ते खरंच होतं.

मग फ्लॉसी शाळा सुटल्यावर माणिकपूरच्या सायबर कॅफेत जाऊन बसू लागली. तासातासाला पैसे मोजत, कानात शेजारच्या पोरांच्या गेमचा ढिशूम ढिशूम झेलत. पाचव्या दिवशी तिला सापडलं. परदेशात शौकीन लोक जुन्या गाड्यांना, शर्यतीच्या गाड्यांना बाहेरचा कंट्रोलर लावतात. गाडीच्या कंपनीशी त्याचा संबंध नाही. कुणीतरी आपल्या वर्कशॉपमध्ये बनवलेला डबा. किती पॅडल दाबलं आणि गाडी किती वेगात आहे हे तो डबा बघतो, आणि त्यावरून कुठल्या वायरीला करंट द्यायचा ते ठरवतो. तिनं त्या बनवणाऱ्याला लगेच ईमेल पाठवली. उत्तर आलं: तुमचा गिअरबॉक्स आम्हाला माहीत आहे, पण भारतात आम्ही अजून एकही पाठवलेला नाही, हे काम जाणत्या वर्कशॉपचं आहे, तुमच्याकडे तसं वर्कशॉप आहे का?

फ्लॉसीनं निर्मळच्या रस्त्यावरचं ते पत्र्याचं छप्पर डोळ्यांपुढे आणलं, दारात बांधलेली शेळी आणली, आणि लिहून टाकलं: आहे.

डबा यायला महिना लागला. जेवणाच्या डब्याएवढा, ॲल्युमिनियमचा, वर छोटा पडदा आणि चार बटणं. सोबत जाड पुस्तक. पुस्तक फ्लॉसी वाचायची आणि मराठीत सांगायची, वायरी बळीराम जोडायचा. डबा या खेपेला त्यानं ग्लोव्ह बॉक्सच्या वर उंच बसवला. "आता कलशी काय, विहीर आनून ओता," तो म्हणाला. भुईगावात बातमी पसरली की टीचरनं गाडीला कॉम्प्युटर लावलाय. येणारेजाणारे थांबायचे, आत डोकावायचे आणि मान हलवत जायचे. एक म्हातारा तर म्हणाला, "माणसाला चालता येत नाही आणि यंत्राला अक्कल शिकवते आहे." फ्लॉसी त्याला म्हणाली, "काका, माणसांना शिकवून दमले, म्हणून यंत्र घेतलं."

सगळ्या वायरी जुळल्या, गाडी हलली, आणि खरी पंचाईत तिथून पुढे सुरू झाली.

डब्यात एक तक्ता असतो. पॅडल इतकं दाबलेलं असताना गाडी इतक्या वेगाला पोचली की पुढचा गिअर टाक, असे त्यात आकडेच आकडे. बनवणाऱ्यानं भरून दिलेले आकडे त्याच्या देशातले, लांबलचक सरळ रस्त्यांचे. आणि भुईगावचे रस्ते म्हणजे दोन वाड्यांच्या मधली बोळ. पन्नास पावलांवर वळण, वळणाआड सायकल, सायकलीमागे कोंबडी. फ्लॉसी वळणाआधी पाय उचलायची. पाय उचलला की तक्त्याला वाटायचं, बाई निवांत आहेत, टाक वरचा गिअर. वळण संपलं, पाय परत दाबला की गाडी धाडकन खालच्या गिअरला यायची. नुसते आचके. राजोडीच्या वळणावर तर गाडी कुंपणाच्या निवडुंगात शिरता शिरता राहिली.

"मी लावतो बरोबर," बळीराम म्हणाला आणि त्यानं आकडे बदलले. गाडी भरल्या टेम्पोसारखी पहिल्या गिअरमध्येच बोंबलत सुटली. एक दिवस युजीन मोटारसायकलवरून येऊन उभा राहिला. कमरेवर हात ठेवून त्यानं सल्ला दिला, की गिअर लवकर टाकायला लाव, पेट्रोल वाचेल. तेही करून पाहिलं. चढावर गाडीचा जीव गेला.

"थांबा," फ्लॉसी म्हणाली. तिचा आवाज वर्गातला झाला होता. "दोघंही थांबा. गाडी कोण चालवणार आहे?"

युजीनचे हात कमरेवरून खाली आले.

"मी. तुम्ही दोन पायांची माणसं. एक पाय क्लचवर, एक इकडे. माझा एकच पाय सगळं करतो. पॅडलवरून ब्रेकवर जायला मला सगळा पाय उचलावा लागतो, म्हणून मी तुमच्या आधी उचलते. ही तुमची चूक नाही. पण मग तक्ता तुमचा कशाला?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं आपली पद्धत काढली. बळीरामला शेजारी बसवलं, हातात आलेखाची वही दिली. गाडी ती चालवायची, आणि जिथे तिला आतून वाटायचं की आत्ता गिअर बदलायला हवा, तिथे मोठ्यानं म्हणायची, "आता!" बळीरामनं डब्याच्या पडद्यावर बघायचं आणि वेग किती, पॅडल किती, ते लिहायचं. भुईगावच्या बोळीतून, चर्चच्या चढावरून, राजोडीच्या समुद्राकडच्या सरळ रस्त्यानं, बाजाराच्या गर्दीतून. आता. आता. आता. लोक बघायचे की काचा खाली करून टीचर ओरडतेय आणि बळीराम मान न उचलता लिहितोय. चार दिवसांत दोनशेच्या वर "आता" जमले. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसून फ्लॉसीनं त्यांचा आलेख काढला. पाय उचलला आणि वेग पंचवीसच्या खाली असला तर गिअर धरून ठेव, हलवू नकोस, हा नियम तिनं पहिला लिहिला. आणि लाल पेननं लिहिला.

मग एकेक आकडा बटणं दाबून डब्यात घातला. त्या संध्याकाळी ती भुईगावच्या बोळीतून निघाली, राजोडीच्या वळणावर पाय उचलला, वळली, पाय दाबला, आणि गाडी निमूट पुढे गेली. गिअर कधी बदलला ते कळलंही नाही. बळीराम शेजारी बसून हळूच म्हणाला, "टीचर, आता तुमी वरडू नका. तिला कललंय." फ्लॉसीच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि ती त्या पुसतही नव्हती. हात स्टिअरिंगवर होते ना.

ईस्टर झाला. पहिला रविवार उजाडला, आणि नालासोपाऱ्याचा व्यापारी खरंच दारात रिक्षातून उतरला.

माणूस सभ्य होता, सफारी घातलेला, काखेत पाकीट. युजीननं त्याला ओटीवर बसवलं, बेटीनं चहा दिला. व्यापाऱ्यानं मालकी बदलायचे छापील फॉर्म काढले. या धंद्यातला रिवाज असा, की विकणाऱ्याची सही आधी घेऊन ठेवायची आणि घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी सोडायची. पुढे ज्याला विकेल त्याचं नाव तिथे पडतं. युजीन असल्या कागदांत मुरलेला. त्यानं चष्मा लावला आणि दाखवलं तिथे तिथे सह्या ठोकल्या.

फ्लॉसी कुबडी टेकत बाहेर आली.

"दादा, गाडी चालते."

"मला माहीत आहे चालते," युजीन म्हणाला. "गावभर ओरडत फिरलीस ना. उद्या तो डबा बिघडला तर? जुनीच खोड आहे त्या गाडीला. लग्नाच्या दिवशी कशी दगा देऊन बसली."

"तिनं नाही दगा दिला," बेटी चहाचा ट्रे खाली ठेवत म्हणाली. "कळशी माझ्या पायातून सांडली. तीन महिने ऐकतेय मी, गाडी वाईट, गाडी वाईट. गाडीचं काय चुकलं? मला धरता आली नाही कळशी."

युजीनला नवऱ्यासारखं काहीतरी बोलायचं होतं, पण व्यापारी बसला होता. तो उठला. "ठीक आहे. मी स्वतः चालवून बघतो. तीस वर्षं टेम्पो हाकलाय मी. बरी वाटली तर बोलू. नाही तर शेठ घेऊन जातील, आणि तू पुन्हा नाव काढायचं नाहीस. कबूल?"

"कबूल," फ्लॉसी म्हणाली. पाच वर्षांत युजीन त्या गाडीच्या चाकामागे एकदाही बसला नव्हता. बिनक्लचची गाडी म्हणजे बायकांचा पाळणा, असं तो चारचौघांत म्हणायचा.

युजीन चाकामागे बसला, फ्लॉसी शेजारी, व्यापारी मागे, मांडीवर पाकीट आणि पाकिटावर सह्या केलेले फॉर्म. गाडी फाटकाबाहेर पडली, वेग आला, आणि तीस वर्षांची सवय जागी झाली. आता गिअर बदलायचा म्हणून युजीनचा डावा पाय क्लच दाबायला खाली गेला. तिथे क्लच नव्हता. तिथे ऐसपैस ब्रेक होता. युजीननं तो टेम्पोचा क्लच दाबावा तसा सगळ्या जोरानिशी दाबला.

गाडी जागच्या जागी गपकन थांबली. व्यापाऱ्याचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"अरे देवा," व्यापारी म्हणाला.

"गाडीच अशी आहे," युजीन म्हणाला.

परत निघाला. वीस पावलं गेला असेल. परत डावा पाय, परत ब्रेक. या वेळी व्यापाऱ्यानं दोन्ही हातांनी सीट धरून ठेवली होती, तरी त्याचा चष्मा पुढे येऊन पडला. कुंपणावर बसलेल्या बायका खिदळायला लागल्या. "युजीन, टेम्पो विसरलास काय रे!" एकीनं ओरडून विचारलं. युजीनचे कान लाल झाले. तिसऱ्यांदा निघाला, तिसऱ्यांदा तेच. तो पाय त्याचं ऐकतच नव्हता.

"दादा," फ्लॉसी शांतपणे म्हणाली, "डावा पाय उचल."

"काय?"

"उचल आणि सीटवर घे. मांडी घाल. इथे डाव्या पायाचं काम नाही."

युजीननं तिच्याकडे पाहिलं. मागे व्यापारी होता, कुंपणावर बायका होत्या. आणि तीस वर्षांचा ड्रायव्हर बोळीच्या मध्यावर गाडी अडवून बसला होता. त्यानं चप्पल काढली, डावा पाय वर घेतला आणि अवघडून बसला.

"आता एकाच पायानं चालव. घाई करू नकोस."

गाडी निघाली. ब्रेक नाही, आचका नाही. बोळ संपली, रस्ता आला. युजीन घामानं डबडबला होता. एक पाय इकडून तिकडे नेताना त्याला सगळं अंग हलवावं लागत होतं, आणि तो अंग हलवतोय हे फ्लॉसी बघत होती. राजोडीच्या वळणाआधी त्यानं पाय उचलला. नेहमीपेक्षा लवकर, कारण एकच पाय होता. गाडीनं गिअर तसाच धरून ठेवला, अलगद वळली, आणि परत पाय दाबताच पुढे झाली.

"वळणावर हिनं गिअर टाकला नाही," युजीन म्हणाला. "हिला काय माहीत वळण आहे?"

"मी सांगितलंय तिला."

युजीननं रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली. डावा पाय अजून सीटवरच ठेवून त्यानं रुमालानं कपाळ पुसलं.

"दादा," फ्लॉसी म्हणाली, "सेलिनच्या लग्नात तू मला उचललंस. तू चांगल्यासाठीच उचललंस, मला ठाऊक आहे. पण मला तेव्हा जीव द्यावासा वाटला. सगळ्या गावासमोर. मी चौतीस मुलांचा वर्ग एका आवाजात गप्प करते, आणि मला पोत्यासारखं उचलतात. ही गाडी गेली तर मला रोज उचलतील. प्रेमानं उचलतील, आणि मी रोज मरेन. मी ही गाडी देणार नाही. तू ओरड, बोलू नकोस माझ्याशी, वर्षभर अबोला धर. देणार नाही म्हणजे नाही."

युजीननं दार उघडलं, बाहेर पडला, आणि पाय आखडल्यामुळे दाराला धरून उभा राहिला. पायाला मुंग्या आल्या होत्या. फ्लॉसी हातांनी पट्ट्यांचा पाय ओढत सरकली आणि चाकामागे जाऊन बसली.

मागून व्यापारी खाकरला. "मग आपल्या सौद्याचं काय समजायचं?"

"कागद बघू," फ्लॉसी म्हणाली आणि हात मागे केला.

व्यापाऱ्यानं सवयीनं दिले. तिनं ते स्टिअरिंगवर ठेवले. विकणाऱ्याची सही युजीनची, दोन्ही जागी, ठसठशीत. घेणाऱ्याचं नाव कोरं. फ्लॉसीनं पर्समधून पेन काढलं आणि कोऱ्या जागेत, फळ्यावर लिहावं तशा मोठ्या अक्षरात, स्वतःचं नाव लिहिलं.

"अहो बाई, हे काय करता?" व्यापारी ओरडला. "ते फॉर्म माझे आहेत!"

"फॉर्मचे पैसे देते. गाडीचे मी पाच वर्षांपूर्वीच दिलेत." मग तिनं कागद खिडकीतून बाहेर धरले. "दादा, बघ. सही तुझीच आहे ना? चुकलंय का काही?"

युजीननं कागद घेतले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि वरपासून खालपर्यंत वाचले, सावकाश, हिशेबी माणूस वाचतो तसे. व्यापारी खिडकीतून मान बाहेर काढून बघत होता. फ्लॉसीही.

"पत्ता राहिलाय," युजीन म्हणाला.

"मग लिही."

युजीननं खिशातून आपलं पेन काढलं, कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवले, आणि एका पायावर भार देऊन, वाकून, घराचा पत्ता लिहायला लागला. फ्लॉसीनं इंजिन सुरू केलं. बॉनेट थरथरलं तशी त्याची अक्षरं वाकडी झाली, पण तो थांबला नाही.

"लवकर लिही दादा," ती काचेतून ओरडली. "शेठना सोपाऱ्याला सोडायचंय."